मुलांच्या शाळेची जुनी तुकडी: ‘सध्या कुठे, काय करतो’ याची पुस्तिका कशी करावी?

चार_भिंती
मंडळी, साताऱ्यातली मुलांची शाळा, मार्च १९८६ची दहावी, अ-ब-क अशा तीन तुकड्या. यंदा ४० वर्षं झाली. दिवाळीनंतर सगळ्यांना एकत्र बोलवायचं आहे आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका द्यायची आहे: कोण कुठे राहतो, काय काम करतो, घरी कोण कोण आहे. व्हॉट्सॲप गटात ६१ जण आहेत, एकूण मुलं १८०च्या आसपास असावीत.
प्रश्न तीन. गुगल फॉर्म पाठवावा की फोन करावेत? काय विचारावं आणि काय विचारू नये? आणि जे सापडतच नाहीत त्यांचं काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी बारकाव्यांसकट लिहा.

दफ्तरी
फॉर्म की फोन हे नंतर. आधी यादी पक्की करा. गटात जे आहेत तीच तुकडी असं धरून चाललं की पुस्तिका तिथेच फसते.

यादी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून करायची. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या: माहिती कशासाठी हवी, बघायला कोण दोघं येणार. रजिस्टर कायम जतन करायचं असतं, ते शाळेबाहेर कुणी देणार नाही, मागूही नका. तिथेच बसून वहीत उतरवून घ्या. मार्च आणि जून टाळा, परीक्षा आणि दाखल्यांच्या गर्दीत कार्यालयाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने असतं, तुकडीच्या नाही. दहावी मार्च १९८६ म्हणजे पाचवीचा प्रवेश जून १९८०. पण खेड्यातली बरीच मुलं सातवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आठवीला शहरात यायची, ती जून १९८३च्या पानांवर मिळतील. एखादं वर्ष मागे राहून या तुकडीत आलेली मुलं जून १९७९ आणि जून १९८२च्या पानांवर. म्हणजे चार ठिकाणी बोट फिरवायचं. पडताळ्याला दहावीचं निकालपत्रक घ्या.

रकाने पाचच उतरवा: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, गाव, प्रवेशाची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. जात आणि जन्मतारीख उतरवू नका, पानांचे फोटोही काढू नका.

कंदीपेढा
रजिस्टर क्रमांकाचं मोल साताऱ्याला वेगळं सांगायला नको. प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका कारकुनाने नीट लिहून ठेवलेली ओळ सव्वाशे वर्षांनी अशी उपयोगी पडते.

वाकडी_वाट
दफ्तरींशी एका मुद्द्यावर असहमत. निकालपत्रक पडताळ्याला ठीक, पण ते यादीची हद्द ठरवू नये. आठवीत-नववीत नाव काढून मुंबईला कामाला गेलेला, वडिलांची बदली झाली म्हणून गेलेला, दहावीला बसून नापास झालेला, हे सगळे त्याच वर्गात बसलेले. निकालपत्रकावरून यादी केली की पहिले दोन गळतात, ‘उत्तीर्ण’ एवढंच बघितलं की तिसराही गळतो. आणि बोलावणं आलं की सगळ्यात आधी येऊन उभे राहतात ते हेच.

दफ्तरी
मान्य. म्हणूनच ‘शाळा सोडल्याचं कारण’ हा रकाना घ्यायला सांगितला. तिथे ‘वडिलांची बदली’ असेल तर वडिलांच्या खात्याकडून माग लागतो, ‘सतत गैरहजर’ असेल तर गावात विचारावं लागतं. हद्द अशी ठेवा: पाचवी ते दहावी यातलं एक वर्ष जरी या तुकडीत काढलं तरी तो यादीत. कारणाचा रकाना मात्र शोधापुरता, पुस्तिकेत तो दिसता कामा नये.

बोगद्यापलीकडे
आता ही यादी संगणकावर ज्या तक्त्यात (शीटमध्ये) भरायची, त्या शीटबद्दल.

नाव एका रकान्यात नको. आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीन वेगळे रकाने. ओळख पटवायला रजिस्टर क्रमांक वापरा, नाव नव्हे. एका तुकडीत एकाच नावाचे दोघं-तिघं हमखास असतात. शिवाय रजिस्टरात ‘पाटील’ लिहिलेला माणूस पुढे मूळ आडनाव लावतो, कुणी राजपत्रात नाव बदलून घेतलेलं असतं, कुणी दत्तक गेलेला असतो. त्यासाठी ‘आताचं नाव’ हा चौथा रकाना.

फोन नंबराचा रकाना आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवा. नाहीतर सुरुवातीचं अधिकचिन्ह किंवा शून्य शीट स्वतःच गिळते आणि दुबईचा नंबर भलत्याच कुणाला लागतो. गावासाठी निवडयादी द्या. मोकळं सोडलं तर कराड, कऱ्हाड, क-हाड अशी एकाच गावाची तीन गावं होतात आणि गावनिहाय सूची कोसळते.

अकारविल्हे लावताना संगणक ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढे बसवतो, आपल्या कोशात तो ‘ह’नंतर येतो. नावांत फार फरक पडत नाही, पण ‘क्ष’ने सुरू होणारं आडनाव ‘क’च्या शेवटी गेलेलं असतं. ते ‘हरवलं’ म्हणून कुणी पुन्हा टाकू नये.

सगळं युनिकोडमध्येच टाईप करा.

फर्मा_१६
युनिकोडबद्दल छपाईच्या बाजूने. बऱ्याच छापखान्यांत पानं अजून जुन्या फॉन्टवर लागतात, तुमचा मजकूर त्यात ‘कन्व्हर्ट’ होतो. पहिला बळी पडतो तो ऱ्य. ‘साताऱ्याचा’चं ‘सातार्याचा’ होतं, ‘ऱ्ह’ तर अनेकदा नाहीसाच होतो. दुसरा बळी ‘ॲ’. मुद्रित (छपाईआधी तपासायला दिलेला कागद) आलं की आधी हीच दोन अक्षरं शोधा. ‘साताऱ्या’ हा शब्द तुमच्या पुस्तिकेत शंभरदा येणार आहे, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी त्याच एका शब्दाची ओळ छापून मागा. ती बरोबर आली तर पुढे चला.

माणदेशी
फॉर्म की फोन? दोन्ही, पण या क्रमाने: आधी फोन, मग फॉर्म फोन करणाऱ्यानेच भरायचा.

फॉर्मची लिंक गटात टाकली की ज्यांना नोकरी-हुद्दा सांगायचा आहे ते दोन दिवसांत भरतात. शेतकरी, ड्रायव्हर, हमाली करणारा, दुकानात नोकरी करणारा भरत नाही. त्याला वाटतं हे आपल्यासाठी नाही. मग पुस्तिका उघडली की सगळी तुकडी इंजिनिअर आणि साहेबच झाली असं दिसतं, आणि उरलेले मेळाव्यालाच येत नाहीत.

दर माणसामागे १२ ते १५ नावं वाटून द्या. त्याहून जास्त दिली की काम रखडतं. शक्यतो त्याच गावचा किंवा त्याच तुकडीचा माणूस द्या. वेळ संध्याकाळी ७ ते ९. ऊसवाल्याला गळीत हंगामात दिवसा फोन करू नका. एका नावासाठी तीन प्रयत्न: फोन, दोन दिवसांनी संदेश, आठवड्याने गावातल्या माणसाकडून निरोप. प्रत्येक प्रयत्नाची तारीख शीटमध्ये टाका, नाहीतर एकाच माणसाला पाच जण फोन करतात आणि दुसऱ्याला कुणीच नाही.

आणि गावची जत्रा सोडू नका. चैत्र-वैशाखात बाहेरगावचा माणूस जत्रेला येतोच. फोनवर महिनाभर न सापडलेला माणूस पालखीपुढे दोन मिनिटांत सापडतो.

संगम_माहुली
फोन उचलल्यावर पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. अनोळखी नंबर, वर ‘माहिती हवी होती’ म्हटलं की माणसाला विमा नाहीतर कर्जवाला वाटतो आणि तो फोन ठेवतो. असं सुरू करा:
‘मी अमुक बोलतोय. दहावी ब, तिसरा बाक, खिडकीकडचा. तू माझ्या मागे बसायचास.’
बाक सांगितला की फोन ठेवत नाहीत. म्हणून फोन करण्याआधी तुकडी आणि शक्य तर बाक माहीत करून घ्या.

कंदीपेढा
टोपणनावानेही चालतं! ‘अरे मी बटाटा बोलतोय’ म्हटलं की पलीकडून आधी हसूच येतं.

संगम_माहुली
फोनवर चालतं. पुस्तिकेत टोपणनाव त्या माणसाला विचारूनच. ती आता नातवंडांच्या हातात जाणार आहे.

वाकडी_वाट
प्रश्नांची यादी, जेवढी लहान तेवढी चांगली. नऊ पुरेत: आताचं नाव, राहतं गाव, मूळ गाव, शाळेनंतर काय शिकला, आजवर काय काम केलं, सध्या रोज काय करता, घरी कोण, शाळेतली कोणती गोष्ट अजून उपयोगी पडते, आणि छापायची परवानगी.

‘हुद्दा’ असा प्रश्न ठेवू नका. ‘सध्या रोज काय करता’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. ‘सेवानिवृत्त’ या एका शब्दात ३५ वर्षं बुडून जातात, तिथे ‘कुठून, कोणतं काम करून’ हे विचारा. ‘शेती’ म्हणाला तर पीक विचारा. कोरेगावकडचं आलं, वाईकडची हळद, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, माणातलं डाळिंब, हे सगळं ‘शेती’ या एका शब्दात झाकून टाकणं बरोबर नाही. तुकडीतल्या कुणालातरी उद्या नेमकं तेच विचारायचं असतं.

पगार, जमीन किती, मुलांचे टक्के, जावई काय करतो, हे विचारू नका. ‘पत्नीचं नाव’ असाही रकाना नको. ‘घरी कोण’ असं मोकळं ठेवलं की ज्याला जेवढं सांगायचं तेवढं तो सांगतो. अविवाहित असेल, एकटा असेल, त्याच्यासमोर रिकामी चौकट येत नाही.

हळदगल्ली
सांगलीहून लिहितोय. आमच्याकडे एक व्यवसाय यादी करणाऱ्याला हमखास चकवतो: गलाई. विटा, खानापूर, आटपाडी, तुमच्या बाजूला माण-खटाव, इथली पोरं शाळा सुटली की नातेवाइकाच्या दुकानी जातात आणि मग केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठेही स्वतःचं दुकान टाकतात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, टंच (शुद्धतेचं प्रमाण) काढून द्यायचा, हे त्यांचं काम. नंबर त्या राज्याचा असतो, फोन तिथली भाषा बोलणारा पोरगा उचलतो आणि ठेवून देतो. अशा वेळी संदेश मराठीत पाठवा, गावाचं नाव पहिल्या शब्दात घाला. गावी त्यांचं येणं दिवाळी आणि जत्रेला, ते दोन मुक्काम धरून ठेवा.
नोंद करताना ‘बिझनेस, कोइमतूर’ असं लिहू नका. ‘सोने-चांदी गलाई, कोइमतूर’ असं लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

बोगद्यापलीकडे
तसंच माथाडीचं. जावळी, पाटणची कितीतरी माणसं वाशीच्या बाजार समितीत आहेत. तिथे नावाने विचारून माणूस सापडत नाही, टोळी आणि मुकादम विचारावा लागतो. गावाकडच्या कुणाकडून ‘कोणत्या मार्केटला, कुणाच्या टोळीत’ एवढं कळलं की अर्ध्या दिवसात निरोप पोचतो. कांदा-बटाटा, मसाला, भाजी, फळं, धान्य ही मार्केटं वेगवेगळी आहेत, हे आधी विचारून घ्या.

सुभेदार_७२
फौजींबद्दल कडक नियम ठेवा. अपशिंगेसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे प्रत्येक तुकडीत चार-सहा जण सैन्यातले असणारच. १९८६च्या तुकडीतले आता निवृत्त, पण त्यांची मुलं सेवेत असतात. निवृत्ताचा हुद्दा आणि रेजिमेंट त्याच्या परवानगीने लिहा. सेवेत असलेल्या मुलाचं फक्त ‘भारतीय सैन्यदलात’ एवढंच. युनिट, ठिकाण, वर्दीतला फोटो नको. पुस्तिकेची पीडीएफ पहिल्याच दिवशी गटाबाहेर जाते, हे धरूनच चला.

कृष्णाकाठ
परवानगीवर थोडं सविस्तर.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे: कशासाठी घेतो ते सांगायचं, तेवढ्यासाठीच वापरायचं, माणसाने नको म्हटलं तर काढून टाकायचं. कायदा बाजूला ठेवला तरी वागायची रीत हीच. फॉर्ममध्ये दोन खुणा वेगळ्या ठेवा: ‘पुस्तिकेत छापा’ आणि ‘फक्त तुकडीच्या यादीत ठेवा’. फोन नंबर पहिल्यात मुळीच नको, त्याची वेगळी यादी तिघांकडे ठेवा. छापील नंबरांची यादी बाहेर गेली की विमा, प्लॉट, शेअरच्या टिप्स, सगळे फोन सुरू होतात आणि शिव्या यादी करणाऱ्याला.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘निकालांचा सारांश दाखवा’ हे बंद आहे ना, बघा. ते चालू राहिलं तर भरणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांची उत्तरं दिसतात. शीटची लिंक ‘लिंक असलेला कोणीही’ अशी ठेवू नका, नावं घालून पाचच जणांना द्या.

फॉर्ममध्ये फोटो अपलोडचा प्रश्न टाकू नका. त्यासाठी भरणाऱ्याला गुगल खात्यात शिरावं लागतं, निम्मे तिथेच थांबतात.

फर्मा_१६
फोटो व्हॉट्सॲपवर घ्या, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की दाबला जातो, आणि घोळक्यातून एकाचा चेहरा कापायचा असेल तर काही उरत नाही. २५ × ३२ मिमी आकाराला ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) २९५ × ३७८ पिक्सेल लागतात. कापलेला चेहरा एवढा भरला पाहिजे.

जुना वर्गाचा फोटो असेल तर चौकटीतून काढून स्कॅन करा. काचेवरून मोबाईलने काढला की मधल्या रांगेवर खिडकीचा झोत येतो. वर्गफोटोत एक चेहरा साधारण ८ मिमी उंच असतो. १२०० डीपीआयला स्कॅन केला की त्याच ८ मिमीत ३७८ पिक्सेल मिळतात, म्हणजे तेव्हाचा आणि आत्ताचा फोटो शेजारी-शेजारी एकाच मापात बसतो. दाणे दिसतील, पण ओळख पटते. जुना फोटो काढताना कागद पुठ्ठ्याला चिकटलेला असेल तर ओढू नका, पुठ्ठ्यासकट स्कॅनरवर ठेवा.

पानांचा हिशेब: १८४ नोंदी धरल्या, पानाला चार, म्हणजे ४६ पानं. मुखपृष्ठाआतलं पान, मनोगत, शिक्षकांची यादी, गावनिहाय सूची, दिवंगतांची पानं मिळून ६४. म्हणजे १६ पानी चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं), कागद वाया जात नाही. आकार डेमी १/८ किंवा ए५. आतला कागद ८० जीएसएम, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. ६४ पानांना मधे पिना मारून चालतं, त्याच्या वर गेलात तर चिकट बांधणी. दोन-अडीचशे प्रतींना डिजिटल छपाई करा, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च एवढ्याशा प्रतींवर फिटत नाही.
मुद्रितं दोघांनी वाचायची. एकाने शीट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. एकट्याने वाचलं की डोळा चुकीच्या गावालाही बरोबर म्हणतो.

कंदीपेढा
परदेशातले मित्र खर्च उचलतो म्हणतात, चालेल का?

कृष्णाकाठ
भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलेला मित्र मात्र, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, परकीय स्रोत ठरतो. अशा देणगीसाठी संस्थेकडे २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते. एका पुस्तिकेसाठी त्यात शिरू नका, इथल्यांनी वर्गणी काढा.
पुढे कायमचा माजी विद्यार्थी संघ करायचा असेल तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, शिवाय धर्मादाय कार्यालयात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी. दरवर्षी हिशेब द्यावे लागतात. तेवढी माणसं आणि वेळ असेल तरच.

हळदगल्ली
याहून जुन्या तुकड्यांचं काम करणाऱ्यांसाठी दोन खुणा. १९७५च्या आधीची एस.एस.सी. म्हणजे अकरावी, १९७५ला जुनी अकरावी आणि नवी दहावी दोन्ही होत्या. तेव्हा ‘१९७५ची तुकडी’ म्हणजे एक नव्हे, दोन वर्ग. आणि पन्नाशीच्या दशकातल्या नोंदींत ‘जि. दक्षिण सातारा’ दिसेल, तो आजचा सांगली जिल्हा. नाव बदललं १९६०च्या नोव्हेंबरात. सातारा समजून साताऱ्यात शोधत बसाल आणि माणूस तासगावचा निघेल.

माणदेशी
पत्त्यांचं आणखी एक. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांखाली गेलेल्या गावांची नावं रजिस्टरात तशीच असतात. गाव नकाशावर नाही म्हणून नोंद खोटी ठरवू नका. पुनर्वसनात वसलेल्या वस्तीलाही बहुतेक वेळा जुन्याच गावाचं नाव असतं, पण तालुका वेगळा. शीटमध्ये ‘मूळ गाव’ आणि ‘पुनर्वसित गाव’ वेगळं लिहा. मूळ गाव छापायचंच. त्या माणसाला ते कागदावर दिसलेलं हवं असतं.

चार_भिंती
खूप उपयोगी लिहिताय सगळे. यादीचा अर्ज आजच लिहितो. दिवंगत मित्रांबद्दल विचारायचं राहिलं. गटात काहींबद्दल नुसतं ऐकीव आहे.

सुभेदार_७२
ऐकीव गोष्ट शीटमध्ये ‘दिवंगत’ म्हणून कधीच टाकू नका. ‘खात्री करणे’ असं टाका. खात्री घरच्या एकाकडून, तो नाहीच मिळाला तर गावातल्या दोघांकडून स्वतंत्रपणे. एकाच नावाचे तिघं असतात हे वर आलंच आहे, जिवंत माणसाच्या नावापुढे ‘कै.’ छापलं गेलं तर त्या घराची माफी कशी मागणार?
फोन करताना घरच्यांना आधी विचारा, ‘त्यांचं नाव पुस्तिकेत घ्यावं असं वाटतं, चालेल ना?’ छापायचं एवढंच: नाव, गाव, काम, वर्ष. कारण छापायचं नाही. पुस्तिकेची एक प्रत त्या घरी कुणीतरी नेऊन द्यायची, टपालाने नाही.

संगम_माहुली
आणि त्यांची पानं शेवटी ढकलू नका. आडनावाच्या क्रमात, जिथे तो हजेरीत होता तिथेच. हजेरीत शेजारी असलेला मुलगा पान उघडेल तेव्हा तो शेजारीच सापडला पाहिजे.

फर्मा_१६
बरोबर. मग वर धरलेली दिवंगतांची वेगळी पानं मोकळी होतात, ती न सापडलेल्यांना द्या.

दफ्तरी
चार_भिंती, तुमचा तिसरा प्रश्न अजून कुणी घेतला नाही. कितीही केलंत तरी १५-२० नावं राहतील. ती गाळू नका. ‘यांचा पत्ता लागला नाही’ अशा मथळ्याखाली दोन पानं: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, मूळ गाव, शाळेत असल्याची वर्षं. प्रत्येक नावापुढे बोटभर रिकामी ओळ, आणि पानाच्या तळाशी ज्याला कळवायचं त्या एकाचा नंबर, त्याच्या संमतीने. मेळाव्याच्या दारात हीच दोन पानं मोठ्या अक्षरांत छापून लावा, शेजारी दोऱ्याला बांधलेला पेन ठेवा. चहाच्या रांगेतली माणसं वाचत उभी राहतात. ‘हा तर माझ्या मेव्हण्याच्या गल्लीत राहतो’ असं कुणीतरी म्हणतंच. तिथल्या तिथे फोन लावायला एक माणूस त्या दारापाशी बसवा.

चार_भिंती
दारापाशी मीच बसतो. पेन दोन ठेवतो.